मयत त्याच दिवशी की तीन दिवस थांबून? 1772 चा ज्यूंचा वाद समजावून सांगा

दारव्ह्याची_वैशू विचारते:

नमस्कार. मी यवतमाळला एमए इतिहास करते, गाव दारव्हा तालुक्यात. सेमिनारसाठी विषय घेतलाय 'प्रबोधनकाळातलं वैद्यक आणि ज्यू धर्मशास्त्र'. विषय माझा मीच निवडला, त्यामुळे कोणाच्या नावानं बोटं मोडायचीही सोय नाही.

1772 मध्ये जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-श्वेरीनच्या ड्यूकनं हुकूम काढला की ज्यूंनी मयत त्याच दिवशी पुरायची नाही, तीन दिवस थांबायचं. मेलेला दिसणारा माणूस कधीकधी जिवंत असतो, असं तेव्हाचे डॉक्टर सांगत होते. ज्यूंचं शास्त्र मात्र प्रेत रात्रभर ठेवू नका म्हणतं. त्यावरून रब्बी (ज्यूंचे धर्मगुरू) आणि सुधारक यांची जी जुंपली ती अनेक वर्षं चालली.

आमचे सर म्हणतात, मांडणी सोपी ठेव, धर्म आडवा आला आणि विज्ञानानं वाट काढली. पण वाचत गेले तसं ते सोपं राहीना. मोझेस मेंडेलसोन स्वतः सगळे नियम पाळणारा ज्यू, आणि तोच म्हणतो थांबलं तरी चालतं. याकोब एम्डेन हा मोठा विद्वान रब्बी म्हणतो चालत नाही. दोघांच्या पुढ्यात तेच ग्रंथ. मग धर्माच्या बाजूला कोण आणि विज्ञानाच्या बाजूला कोण, तेच कळेना.

विषय डोक्यात का बसला तेही सांगते. मागच्या वर्षी आबाजी गेले, दुपारी. गावातली जुनी माणसं म्हणाली, दिवस बुडायच्या आत माती झाली पाहिजे. माझा चुलतभाऊ पुण्याहून निघाला होता, फोनवर रडत होता, तरी कोणी थांबलं नाही. नाडी शेजारच्या काकांनी पाहिली होती. डॉक्टर कोणी आलाच नव्हता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते डॉक्टर आणि रब्बी वाचायला लागल्यापासून वाटतंय.

तर ज्यू शास्त्रात खरं काय सांगितलंय, आणि डॉक्टरांचं म्हणणं कितपत बरोबर होतं, हे कोणी नीट सांगेल का?

कापूसवाला_बाबूळगाव:

ताई, त्या ड्यूकले म्हणा मे महिन्यात इकडं ये. 46 डिग्रीत तीन दिवस मयत ठेवून दाखव. हुकूम काढनं सोपं असते.

बाकी तुमच्या विषयातलं मले काही समजत नाही. पण जाणकार माणसं हायेत इथं, सांगतील.

निवृत्त_कंपाउंडर:

कापूसवाल्या भाऊंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. लवकर पुरण्याची रीत उष्ण मुलखातली, हे तेव्हाच्या वादातही बोललं जायचं. फरक एवढाच की मेक्लेनबुर्ग उत्तर जर्मनीत, तिथं वर्षातले कितीतरी महिने थंडी. म्हणजे उन्हाची सबब ज्यूंना तिथं लागू नव्हती, आणि त्यांनी ती फारशी दिलीही नाही. त्यांचं म्हणणं शास्त्राचं होतं.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होतो. गावानं मला जन्मभर कंपाउंडरच म्हटलं, म्हणून इथं तेच नाव घेतलंय. निवृत्तीनंतर वैद्यकाच्या इतिहासाचा नाद लागला. वैशूताई, तुमच्या सरांची मांडणी मला पटत नाही. का ते सांगतो, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे 1772 च्या डॉक्टरला माणूस मेला की नाही हे ठामपणे सांगता येत नव्हतं. हे लोक विसरतात. स्टेथोस्कोप आला 1816 मध्ये. त्याआधी मनगटाची नाडी, नाकापुढं धरलेलं पीस, तोंडापुढं धरलेला आरसा, हीच साधनं. पॅरिसमधला शरीरशास्त्रज्ञ विन्सलो यानं 1740 मध्ये लिहिलं की यातलं एकही लक्षण भरवशाचं नाही. ब्रुहिए नावाच्या डॉक्टरनं 1742 मध्ये त्याचं फ्रेंच करून त्यात ऐकीव गोष्टींची भर घातली, थडग्यातून आवाज आला, कबर उघडली तर प्रेतानं हात चावलेले, असल्या. निष्कर्ष काय, तर शरीर कुजायला लागलं की मगच मृत्यू खरा. पुस्तक युरोपभर गाजलं. पण 1752 मध्ये अंत्वान लुई या शल्यवैद्यानं त्याला उत्तर दिलं, की असं काही नाही, शरीर ताठरतं, डोळे मऊ पडतात, ही लक्षणं पुरेशी आहेत. म्हणजे डॉक्टर विरुद्ध डॉक्टर हाच वाद आधी होता. ड्यूकच्या हुकुमामागं 'विज्ञान' म्हणून जे उभं होतं ते त्या भांडणातलं एक टोक.

भीती मात्र खोटी म्हणता येत नाही. 1767 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवणारी संस्था निघाली, 1774 मध्ये लंडनला तशीच. कालव्यातून निपचित काढलेली माणसं, ज्यांना पूर्वी सरळ मेलेलं धरायचे, ती उपचारांनी श्वास घ्यायला लागली. मग कोणाच्याही मनात येणारच की बापा, आजवर पुरलेल्यांत असे किती होते?

आता शास्त्राकडं वळू. बायबलच्या जुन्या करारात 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे, ज्यूंचाही तो मूळ धर्मग्रंथ. त्याच्या अध्याय 21 च्या 23 व्या वचनात, फाशी दिलेल्या माणसाचं प्रेत रात्रभर झाडावर ठेवू नका, त्याच दिवशी पुरा, असं आहे. पुढं तालमुदानं, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या चर्चाग्रंथानं, ते सगळ्याच मयतांना लावलं. पण तिथंच सूटही दिली. कफन आणायचंय, नातेवाईक यायचेत, म्हणजे मेलेल्याच्या मानासाठी उशीर होत असेल तर नियम मोडत नाही. (तुमच्या चुलतभावाचा प्रश्न तिथं दोन ओळींत सुटला असता.) बाराव्या शतकातला ज्यू शास्त्रकार मायमोनिदिस, जो स्वतः वैद्य होता, तो लिहितो की जीव जाताना घाईनं डोळे मिटवणारा रक्त सांडणाऱ्यासारखा, जरा थांबा, माणूस बेशुद्ध पडला असेल. आणि 'स्मखोत' नावाचं अंत्यविधींवरचं जुनं प्रकरण आहे, त्यात तर सांगितलंय की तीन दिवस दफनभूमीत जाऊन मयताकडं पाहून यावं. कारणही दिलंय. एकाला असं पाहिलं तर तो जिवंत निघाला, पुढं पंचवीस वर्षं जगला. दुसऱ्याला त्यानंतर पाच लेकरं झाली.

मेंडेलसोननं बोट ठेवलं ते याच ओळीवर. तो बर्लिनमध्ये रेशमाच्या कारखान्याचा कारभार पाहायचा आणि तत्त्वज्ञान लिहायचा, रब्बी नव्हता. श्वेरीनच्या ज्यूंनी घाबरून त्याला आणि एम्डेनला पत्रं लिहिली, आमच्या वतीनं ड्यूककडं शब्द टाका म्हणून. मेंडेलसोननं त्यांना खासगीत कळवलं की एवढं घाबरण्यासारखं काही नाही, आपले पूर्वज गुहेत मयत ठेवून तीन दिवस पाहत होते, मानासाठी थांबता येतं तर जीव वाचवायला का नाही, दफनभूमीत तशी एक खोली बांधा आणि पहारा ठेवा. आणि त्याच वेळी ड्यूकसाठी अर्जाचा मसुदाही करून दिला, की तीन दिवसांची सक्ती काढा, त्याऐवजी डॉक्टरनं तपासून मृत्यूचा दाखला दिला की पुरू द्या. ड्यूकनं ते मान्य केलं.

मला या सगळ्या प्रकरणात हा दाखला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि लिहिणारे तो दोन वाक्यांत उरकतात. 'थांबायचं की नाही' या प्रश्नावर माणसं वर्षानुवर्षं भांडली. 'तपासलं कोणी' हा प्रश्न विचारणारा त्या वादात जवळपास एकटा मेंडेलसोन होता.

एम्डेन काय म्हणाला? की गुहेची रीत गुहेत पुरायचे तेव्हाची होती, आता मातीत पुरतात. हजारात एखादा अपवाद घडला म्हणून सगळ्यांचा नियम बदलत नाही. आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून शास्त्र हलवायला लागलं तर पाया सुटेल. लोक त्याला हटवादी म्हणतात. मी म्हणत नाही. त्या डॉक्टरांचं आपसात काय चाललं होतं ते वर लिहिलंच आहे.

आणखी एक गोष्ट वाचनात पाहा. ड्यूकच्या कानाला लागलेला माणूस होता ओलुफ टिखसेन, पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक, आधी ज्यूंना ख्रिस्ती करण्याच्या मोहिमेत फिरलेला. अशा माणसाकडून 'तुमच्या भल्यासाठी' म्हणून हुकूम आला तर तुम्ही काय समजाल? त्या लोकांना नागरिकत्वाचे हक्क नव्हते, संस्थानात राहायचं तेही मेहेरबानीवर. आज मयत, उद्या सुंता, परवा कोशर (शास्त्राप्रमाणे कापलेलं) मांस, ही शंका त्यांना यायची ती उगाच नाही.

पुढचा भाग थोडक्यात. बर्लिनचा डॉक्टर मार्कुस हेर्झ, तत्त्वज्ञ कांटचा लाडका विद्यार्थी, ज्यू रुग्णालयात काम करणारा, यानं 1787 मध्ये लवकर दफनाविरुद्ध पुस्तिका लिहिली. 1792 मध्ये बर्लिनच्या तरुण ज्यूंनी 'मित्रमंडळ' काढलं, त्यांच्या मागण्यांत आपली मयत उशिरा पुरली जावी हीही एक होती. त्याच सुमारास हूफेलांड नावाच्या ख्रिस्ती डॉक्टरनं वायमारमध्ये प्रेतं ठेवायचं घर उभं केलं, ऊब आणि पहारेकरी यांच्यासह. अशी घरं मग जर्मनीत बरीच निघाली. म्हणजे ही भीती ज्यूंपुरती नव्हती. ज्यूंकडं फक्त बोट दाखवायला सोयीचं कारण होतं.

कारंज्याचा_मुसाफिर:

कंपाउंडर साहेब, छान लिहिलंत. आमच्यातही जनाज्याची घाई असते, मयत घरात फार वेळ ठेवत नाहीत. पण आमच्या फिकहच्या (इस्लामी धर्मनियमांच्या) जुन्या जाणकारांनीही लिहून ठेवलंय की अचानक मृत्यू असेल, बुडाला असेल, शंका असेल, तर खात्री पटेपर्यंत थांबा. गावात हे कोणाला सांगितलं तर म्हणतात नवीन काहीतरी आणलं. जुनंच आहे म्हटलं तरी विश्वास बसत नाही.

कारंजा शहरात कबर खोदायच्या आधी डॉक्टरची चिठ्ठी विचारणारे लोक आता आहेत. आमच्या मूळ खेड्यात कोणी विचारत नाही.

विवेकवादी_अकोला:

माफ करा, पण ही रब्बींची वकिली चालली आहे. ग्रंथात सूट होती तर वापरली का नाही? ग्रंथात सगळंच असतं. ज्याला जे हवं ते तो काढतो. शेवटी डॉक्टरनं आणि राज्यानं दट्ट्या दिला म्हणून बदल झाला. लसीच्या वेळीही धर्मवाल्यांनी हेच केलं, आपल्याकडं पण देवी आल्या की माता कोपली म्हणून लिंबाचा पाला लावून बसायचे. ताईंच्या सरांची मांडणी बरोबर आहे.

निवृत्त_कंपाउंडर:

विवेक भाऊ, तुम्ही लस काढलीत ते बरं केलं. मी ती मुद्दाम ठेवली होती.

वर लिहिलेला डॉक्टर हेर्झ, कांटचा विद्यार्थी, सुधारक, लवकर दफनाला विरोध करणारा. इंग्रज डॉक्टर जेन्नरची गाईच्या देवीची लस 1798 मध्ये आली. हेर्झनं 1801 मध्ये तिच्या विरोधात लिहिलं, जनावराचा रोग माणसाच्या अंगात घालणं त्याला मान्य नव्हतं. आणि त्याच जर्मनीतला रब्बी इझ्राएल लिपशुट्झ, मिश्नेवर (तालमुदाच्या मूळ नियमसंग्रहावर) भाष्य करणारा, तो पुढं लिहितो की जेन्नरनं हजारो माणसं वाचवली, अशा परधर्मीयांना परलोकात वाटा आहेच. आता सांगा, विज्ञान कोणत्या पाटावर बसवायचं?

लसीच्याही आधी देवी टोचणं होतं, माणसाच्या फोडातलंच द्रव्य घ्यायचं. त्यात धोका होता. बॉस्टनमध्ये 1721 च्या साथीत टोचलेल्यांपैकी शंभरात सुमारे दोन दगावले, आपोआप देवी आलेल्यांपैकी सुमारे चौदा. शास्त्रापुढं प्रश्न असा येतो की आज धडधाकट असलेल्या लेकराला, उद्या कदाचित होईल अशा रोगासाठी, आज मरणाचा थोडा का होईना धोका द्यायचा का? हा प्रश्न मूर्खाचा नाही हो. आम्ही आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी बसायचो तेव्हा माय लेकराला पोटाशी धरून अगदी हेच विचारायची, शब्द वेगळे. 1785 मध्ये लंडनला अब्राहाम नानझिख या ज्यू गृहस्थानं हिब्रूत पुस्तिका काढून उत्तर दिलं, की टोचून घ्यावं, शास्त्राला मान्य आहे. आकड्यांवरून वाद घातला त्यानं, आणि धर्माच्या भाषेत घातला.

शास्त्राचा जो गाभा त्याच्या हाती होता तो तुम्हीही पाहा. जुन्या करारातल्याच 'लेवीय' पुस्तकात, 18:5 मध्ये आहे की या आज्ञा पाळून माणूस जगावा. तालमुद त्यावर म्हणतो, जगावा, मरू नये. म्हणून जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, मोडायचा. मोडला तरी चालतो असं नाही, मोडायचाच. शब्बाथच्या दिवशी कोणावर भिंत पडली तर ढिगारा उपसा, आणि जिवंत आहे का ते पाहायला नाकापर्यंत खणा, श्वास तपासा, असं तिथं लिहिलंय. मृत्यू श्वासावर ठरवायची ज्यूंची रीत या ढिगाऱ्यातून आली आहे. तुमच्या मते ग्रंथात सगळंच असतं. असेल. पण ढिगारा कुठपर्यंत खणायचा हे लिहिणारा ग्रंथ मी दुसरा पाहिला नाही.

आता रब्बींनी नाही म्हटलं त्याचंही उदाहरण देतो, नाहीतर तुम्ही पुन्हा वकील म्हणाल. लंडनला एकाचं मूतखड्याचं ऑपरेशन झालं, तो दगावला. पुढच्या रुग्णांसाठी शिकता यावं म्हणून त्याचं प्रेत कापून पाहू का, असा प्रश्न प्रागच्या येहेझ्केल लांडाऊ या रब्बीकडं गेला. तो म्हणाला, तसाच रोग असलेला रुग्ण आत्ता समोर असेल तर कापा, जीव वाचवणं सगळ्यात वर. पण पुढं कधीतरी कोणालातरी उपयोगी पडेल म्हणून नाही. हे उत्तर मला खटकतं. सार्वजनिक आरोग्य उभं राहतं तेच 'पुढं कधीतरी कोणालातरी' यावर. समोरचा एक रुग्ण दिसतो, न दिसणारे हजार दिसत नाहीत, इथं लांडाऊची दृष्टी तोकडी पडली. तरी गंमत पाहा, त्यानं नाही म्हणताना जी रेषा आखली, तिच्याच आधारानं पुढच्या काळात ज्यू रुग्णालयांतले शवविच्छेदनाचे वाद लढवले गेले, दोन्ही बाजूंनी.

आणि मातेचं म्हणाल तर माझ्या दंडावर देवी डॉक्टरनं टोचल्याचा वण आहे. माय आधी मातेला दहीभात दाखवून आली होती, मग मला टोचायला घेऊन गेली. दोन्ही एकाच सकाळी.

डॉ_रात्रपाळी:

मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करते. इतिहासाबद्दल बोलत नाही, पण 'मेलेला दिसणारा जिवंत माणूस' हा प्रकार अठराव्या शतकात संपलेला नाही, एवढं सांगायचंय.

मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, घरचे म्हणतात काहीतरी बाधलं. मग पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू बंद पडतात. विष मज्जातंतूंवर चालतं. पूर्ण लुळा पडलेला असा रुग्ण हाक मारली तर हलत नाही, चिमटा काढला तर हलत नाही, आणि डोळ्यात बॅटरी मारली तरी बाहुली आकसत नाही. मेंदू मेल्याची जी लक्षणं शिकवतात ती दिसतात. आणि आत माणूस शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असू शकतो.

डवरणीच्या दिवसांत असा एक मुलगा आमच्याकडं आला होता. बाहुल्या मोठ्या, स्थिर. नातेवाईक म्हणाले, मॅडम, आता ठेवून काय करता, घरी नेऊ द्या. हृदय चालू होतं. नळी घातली, फुगा दाबत दाबत मोठ्या रुग्णालयात पाठवला, तिथं प्रतिविष आणि व्हेंटिलेटर. काही दिवसांनी त्यानं पायाचं बोट हलवलं. नंतर तो चालत आला भेटायला, आणि त्याच्या उशाशी कोण काय बोललं होतं त्यातलं थोडं त्यानं मला सांगितलं. त्याच्या मामाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

कृपा करून याचा अर्थ 'सर्पदंशाची मयत तीन दिवस ठेवा, मांत्रिक उठवेल' असा काढू नका. तो धंदा इकडं जोरात आहे. श्वास बंद झालेल्या माणसाला मिनिटांत हवा मिळाली नाही तर तो खरोखरच मरतो. नुसतं थांबून उपयोग नाही. श्वास देत देत दवाखाना गाठायचा आणि तिथं ईसीजी काढायचा.

कापूसवाला_बाबूळगाव:

मॅडम, मायबाई. आमच्याकडं सोयाबीनच्या गंजीखाली हमेशा निघते मण्यार. घरात सगळे खालीच झोपतात. उद्याच खाटा बाहेर काढतो.

डॉ_रात्रपाळी:

काढाच. आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा, तेही कामाला येतं.

दारव्ह्याची_वैशू:

सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टर मॅडम, तुमचं लिहिणं मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आबाजी 88 चे होते, ते वेगळं. वेगळं आहेच, मलाही माहीत आहे.

कंपाउंडर काका, दोन प्रश्न उरलेत. एक, हा वाद शेवटी जिंकला कोणी? दोन, तुम्ही दाखल्यावर एवढा भर दिलात, पण आपल्या गावात मृत्यूची नोंद तर होतेच की ग्रामपंचायतीत. मग दाखला आहे असं म्हणायचं की नाही?

निवृत्त_कंपाउंडर:

दुसऱ्याचं आधी. 1969 च्या कायद्यानं जन्म-मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. ग्रामसेवक घरच्यांनी सांगितलेलं लिहितो. वय सांगा, तारीख सांगा, कारण काय, म्हातारपण. माणूस आधीच जळालेला किंवा पुरलेला असतो. ती मेल्यानंतरची नोंद. मेंडेलसोननं मागितला तो मातीच्या आधीचा दाखला, वैद्यानं हात लावून दिलेला. दोन्हीत फार अंतर आहे. 2020 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे 22.5 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं होतं. उरलेल्यांचं काय, ते आपल्या गावाकडं पाहून ठरवा. मी नोकरीत असताना मयतीच्या घरून कोणी आरोग्य केंद्रात 'येऊन पाहून जा' म्हणायला आलेलं मला आठवत नाही. शवविच्छेदन टाळायला मात्र पुष्कळ आले.

आता पहिलं. 1837 मध्ये प्रेसबुर्गचा मोशे सोफर, आजचं ब्रातिस्लावा, यानं ठाम लिहिलं की माणूस दगडासारखा निश्चल पडला, नाडी नाही, आणि मग श्वास थांबला, या तिन्हींनी मृत्यू ठरतो, उगाच थांबायचं नाही. म्हणजे परंपरा हरली म्हणता येत नाही. दुसरीकडं जर्मन सरकारांनी दफनाला उशीर करण्याचे नियम केले, ते ज्यूंनीही हळूहळू पाळले. मेंडेलसोन 1786 मध्ये गेला, तो हा वाद विझलेला पाहू शकला नाही.

वाद विझवला तो भलत्यानंच. 1840 च्या दशकात पॅरिसच्या बूशू नावाच्या डॉक्टरनं दाखवलं की स्टेथोस्कोप छातीला लावून हृदयाचे ठोके बंद झालेत हे नीट ऐकलं, तर कुजण्याची वाट पाहायची गरज नाही. त्याला त्यासाठी फ्रेंच विज्ञान अकादमीचं बक्षीस मिळालं. प्रेतं ठेवायच्या त्या जर्मन घरांत कोणी उठून बसल्याची भरवशाची नोंद मिळत नाही. म्हणजे ब्रुहिएची भीती फुगवलेली होती, आणि एम्डेन अपवादाबद्दल जे म्हणाला ते आकड्यानं बरोबर निघालं. पण बुडालेला आणि मण्यार चावलेला आकड्यात मोजून सोडून द्यायचा का, तिथं मी मेंडेलसोनच्या बाजूचा.

आज इस्राएलमध्ये जमलं तर त्याच दिवशी दफन होतं, सोफर म्हणतो तसं. पण डॉक्टरची मृत्यूची सूचना हातात आल्याशिवाय दफनाचा परवाना मिळत नाही, ते मेंडेलसोनचं.

सेमिनारला टिखसेनचा भाग नक्की घाला. आणि हेर्झनं लसीविरुद्ध लिहिलं तोही घाला, अगदी शेवटी ठेवा, सर तिथं अडतीलच. अडले की लिपशुट्झ काढायचा.

दारव्ह्याची_वैशू:

काका, सेमिनार झाला की काय झालं ते इथंच टाकते.

विवेकवादी_अकोला:

हेर्झचं मला माहीत नव्हतं. वाचतो. लांडाऊबद्दल मात्र तुम्ही स्वतःच माझ्या बाजूनं बोललात, ते मी सोडणार नाही.

निवृत्त_कंपाउंडर:

नका सोडू.